नवी भाषा, जुने टीचर आणि एक कोंबडा

३ फेब्रुवारी, सोमवार

मेली! साहेबांनी भर मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं — पास्कल मेली. माझ्या तोंडात कोसेचा, म्हणजे चवळीच्या भज्याचा, घास होता, तो तिथेच अडकला. कुणी गेलं तर आधी घरच्यांना बाजूला बसवतात, पाणी देतात, मग हळूच सांगतात. इथे सरळ पडद्यावर, लाल अक्षरांत!

बावीस वर्षं मी कॉम्प्युटरशी याच भाषेत बोलतेय आणि तो मुकाट ऐकतोय. एवढं ऐकणारं दुसरं कोणी माझ्या आयुष्यात आलेलं नाही. "मॅडम दुफी, आज जगात पास्कलमध्ये लिहितं कोण?" साहेब म्हणाले. मी म्हटलं, "मी." सगळे हसले. मी विनोद केला नव्हता!

साहेब म्हणजे क्वाकू आम्पोफो. वय एकतीस, हाम्बुर्गहून घानात परत आले आणि आल्या आल्या आमची कंपनी विकत घेतली. माणूस वाईट नाही. या धुळीच्या दिवसांत पांढरे बूट घालतो, तेवढं सोडलं तर. त्यांचं म्हणणं असं — उबवणी केंद्रांचा प्रोग्राम नव्या भाषेत लिहायचा. कुठली भाषा ते मी ठरवायचं, मीच शिकायची, आणि २८ तारखेला त्यातला एक तुकडा चालवून दाखवायचा. नाही जमलं तर प्रोग्राम एबोकडे. आणि मी फोनवर. "गिऱ्हाइकांना अनुभवी आवाज आवडतो," म्हणाले!

हा प्रोग्राम माझा आहे. किती अंडी ठेवली, किती पिल्लं निघाली, कुठला ट्रे गरम, कुठला गार — कुमासीपासून दोर्मापर्यंत निम्मी पिल्लं माझ्या हाताखालून जगात येतात. तो मी कुणाला देणार नाही. एबोला तर मुळीच नाही, त्याला अंडं उकडतासुद्धा येत नाही.

४ फेब्रुवारी

बातमी फुटली आणि माझ्या टेबलावर धर्मप्रचार सुरू झाला.

एबो सकाळीच खुर्ची ओढून बसला. "आंटी, पायथन. डोळे मिटून पायथन. लहान मूलही शिकतं." म्हणजे मी लहान मुलापेक्षा कमी, असंच ना? तो गेला तशी सेलासी आली. ही व्होल्टाकडची मुलगी, बोलते हळू पण सोडत नाही. "आंटी, त्याचं ऐकू नका. पायथन लाडावून ठेवतं. तुम्ही रस्ट घ्या. कडक आहे, पण जन्मभर धोका देणार नाही." भाषा सांगत होती की नवरा?

दुपारी दोघांनी आपापली पुस्तकं आणून ठेवली. रविवारी पत्रकं वाटणारे दोन पंथांचे लोक एकाच दारात भेटावेत तसे एकमेकांकडे बघत होते. मी वाआच्येची, म्हणजे चवळी-भाताची, पुडी सोडली आणि दोघांनाही म्हटलं, आधी जेवू द्या.

६ फेब्रुवारी

पायथन केलं. काल आणि आज.

सोपं आहे, खोटं कशाला बोला. पण यात काही सुरू झालं, काही संपलं, असं सांगायचंच नाही! पास्कलमध्ये 'सुरू' म्हणायचं, 'संपलं' म्हणायचं. सभ्य माणसासारखं. इथे नुसतं डावीकडून किती आत सरकलात ते बघतात. एक ओळ जरा सरकली आणि सगळा प्रोग्राम रुसून बसला. मी अर्धा दिवस पडद्याला चष्मा लावून शोधत होते. एबो आला, एक बटण दाबलं, चाललं. वर म्हणतो, "अहो आंटी, एवढंच तर होतं!"

एवढंच तर होतं, हे वाक्य मला कुणी ऐकवलेलं चालत नाही. पायथन बंद.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज आईच्या दुकानात समारंभ. तिची शिकाऊ मुलगी आग्येइवा तीन वर्षं शिवण शिकून मोकळी झाली. बेंच बाहेर काढले, स्पीकर लावला, आईने प्रार्थना म्हटली, मुलीच्या हातात कात्री दिली आणि मग पावडर — डोक्यावर, मानेवर, तोंडात, डोळ्यांत! मुलगी पांढरीफटक, रडतेय आणि नाचतेय. तिच्या घरच्यांनी श्नॅप्सच्या दारूची बाटली, सरबताचे क्रेट, कोंबडी आणली होती. आई राणीसारखी बसून सगळं घेत होती.

ही मोकळीक मिळाल्याशिवाय मुलीने स्वतःचं दुकान उघडायचं नाही, दुसऱ्या मॅडमकडेही जायचं नाही. आईचा कडक कायदा. मागे एक पळून गेली होती म्हणे. "तिच्या कॉलरी आजही वाकड्या येतात," आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. ती मुलगी पाहुण्यांत बसली होती. तिच्या स्वतःच्या ब्लाउजची कॉलर — मी पाहिली — खरंच वाकडी!

आईचं दुसरं एक वाक्य आज पुन्हा ऐकलं. "माझा हात खरा बसला तो पहिली शिकाऊ आल्यावर. तिला शिकवायचं म्हणून रात्री... जाऊ दे." पुढचं ती कधी सांगत नाही.

१० फेब्रुवारी

साहेबांच्या आवडीची जावा उघडली. मला कॉम्प्युटरला फक्त 'नमस्कार' म्हणायला लावायचं होतं. त्यासाठी आधी केवढा मानपान! राजवाड्यात राजाशी थेट बोलता येत नाही, मधल्या प्रवक्त्याला सांगायचं, तो पुढे सांगणार — तसं. नमस्कार पोचेपर्यंत माझा उत्साह संपला आणि वीजही गेली.

वीज आल्यावर पुन्हा उघडली नाही.

११ फेब्रुवारी

रस्ट. बापरे!

मी एका डब्यात अंड्यांची यादी ठेवली. तो डबा दुसऱ्या कामाला दिला. मग मला पुन्हा बघायचा होता, तर म्हणे — तो आता तुमचा नाही. माझा नाही? मीच भरलेला! लाल ओळींचा हा ढीग. चूक इथे, बाण इथे, कारण हे, असं करून बघा. तसं करून बघितलं तर दुसरी चूक. सेलासी मागे उभी राहून कौतुकाने बघत होती. "बघा आंटी, किती प्रेमाने सांगतं!" हे प्रेम? अशा प्रेमाला कंटाळून बायका माहेरी येतात.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तीन भाषा झाल्या, एकही हाताला बसेना. मी मठ्ठ तर झाले नाही ना? शेहेचाळीस म्हणजे काही फार नाही. सेलासीचं वय मी मोजत बसणार नाही.

१२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत फोनच्या टेबलामागे बसून पाहिलं. खुर्ची मऊ आहे. फार मऊ. घाबरून उठले.

१३ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. फुफू खाताखाता, उगीच आपलं मन हलकं करावं म्हणून. चूक झाली!

तिने हात धुतले, कापडाच्या टोकाला पुसले आणि न्यायाधीशासारखी म्हणाली, "तुझी मोकळीक कुठे झालीय?"

"कसली मोकळीक?"

"त्या टीचरनी तुला ही भाषा शिकवली ना? त्यांनी पावडर टाकली?"

"आई, ते पॉलिटेक्निक होतं. तिथे सर्टिफिकेट देतात."

"कागद सरकार देतं. मोकळीक गुरू देतो. पहिल्या मॅडमनी सोडलेलं नसताना तू तीन-तीन दारं वाजवत फिरतेस, मग कात्री रुसणारच की! कॉलरी वाकड्या आल्या म्हणून कापडाला बोल लावू नकोस."

मी शिकलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तसं मी तिला स्पष्ट सांगितलं, आणि मग भांडी घासताना हळूच विचारलं, श्नॅप्स कुठली लागते?

१४ फेब्रुवारी

टीचर आग्येकुम! नुसतं नाव लिहिलं तरी पाठ ताठ होते. दोन कॉम्प्युटर आणि तीस मुलं, म्हणून आम्ही प्रोग्राम कागदावर लिहायचो. टीचर त्यावर बोट ठेवून एकेक ओळ स्वतः चालवायचे. तेच कॉम्प्युटर! चूक सापडली की बोट थांबायचं, आणि लाल पेन. अख्ख्या वर्गाला घाम फुटायचा. अजूनही कुणाच्या मयताला ते लांबून दिसले तर मी खांबाआड जाते, कारण ते पहिला प्रश्न हाच विचारतात, "सध्या काय लिहितेस?"

आता माम्पोंगला असतात. आज साहेबांकडे उद्याची रजा मागायला निघाले होते... छे, उद्या शनिवारच आहे, रजा कशाला! डोकं ठिकाणावर नाही.

कोंबडा मिळाला. एका गिऱ्हाइकाने दिला. उजवीकडे कललेला तुरा, शेपटीत एकच पांढरं पीस, आणि नजर साहेबांसारखी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहू की नको? लिहिते. इथे कोण बघतंय!

आई आणि मी ट्रोट्रोने, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसने, निघालो. आईच्या मांडीवर बाटली, माझ्या मांडीवर कोंबडा. मेट, म्हणजे गाडीचा कंडक्टर, म्हणाला, कोंबड्याची सीट वेगळी. आई म्हणाली, मग त्याला आधी उठवून दाखव. अख्खी गाडी माम्पोंगपर्यंत यावर बोलत होती.

टीचर तसेच. केस पांढरे झालेत, बाकी काही बदललं नाही — लाल पेनसुद्धा खिशात तेच! त्यांनी पाणी दिलं, आम्ही प्यालो, मग रीतीप्रमाणे विचारलं, येणं कसं केलंत? मी विषयच बदलला. हवामान, रस्ता, त्यांचा गुडघा, सगळं विचारून झालं. आईने मला कोपर मारलं. "ताकाला आलीस आणि भांडं लपवतेस?" मग तीच उभी राहिली. "टीचर, आमचं येणं भल्याचंच आहे. ही तुमची शिकाऊ. बावीस वर्षं तुमचंच काम करतेय. आता तिला दुसऱ्या भाषेकडे जायचंय. तिला मोकळं करा, एवढं मागायला आलोय."

मला वाटलं, हसतील. किंवा चिडतील. टीचर हसलेही नाहीत आणि चिडलेही नाहीत. आईकडे बघून म्हणाले, "रीतीने आलात. बरं वाटलं." आणि माझ्यापुढे कागद आणि पेन्सिल सरकवली. "परीक्षेशिवाय मोकळीक नसते, अजोआ. एका ट्रेमध्ये अंडी आहेत. सर्वांत जड अंडं शोधून दे."

हात्तिच्या! असले प्रोग्राम मी झोपेत लिहिते. पहिलं अंडं उचल, तेच सर्वांत जड समज, मग पुढच्याशी ताडून बघ. दोन मिनिटांत लिहून दिलं. आईकडे बघून डोळाही मारला.

टीचरांनी बोट ठेवलं. पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर आलं, आणि उचललं गेलं. हवेतच राहिलं.

"ट्रे रिकामा आहे," ते म्हणाले. "तू म्हणतेस, पहिलं अंडं उचल. कुठलं? माझं बोट कुठे ठेवू, अजोआ?"

शेहेचाळिसाव्या वर्षी, बावीस वर्षं अंड्यांचाच धंदा करून, मी नापास! लाल पेन निघालं. कागदावर गोल. बाटली परत, कोंबडा परत. "पुढच्या शनिवारी या." आई त्यांच्याच बाजूने! "बरोबर केलंत टीचर, शिवण उसवलेली असताना मुलीला सोडू नये." परतीच्या ट्रोट्रोत तोच मेट. कोंबड्याला बघून म्हणाला, "काय, नाकारलं याला?"

मी म्हटलं, याला नाही रे बाबा, मला.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोंबडा आमच्या अंगणात. पहाटे ओरडला, चर्चच्या वेळेला ओरडला, दुपारी ओरडला. आईने टोपलीखाली झाकला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, इथे तर टोपलीतूनही तांबडं फुटतच होतं!

एका गोष्टीने मात्र फार वाईट वाटलं. माझ्या उबवणीच्या प्रोग्रामात रिकामा ट्रे आला तर काय होतं, ते आठवलं. बंद पडतो. दोर्माच्या बाईंचा फोन दर पावसाळ्यात येतो — "दुफी, पुन्हा अडकला!" आणि मी दर वेळी म्हणते, "बाई, रिकामा ट्रे आत ठेवूच नका." चूक माझी, बोलणी बाईंना!

१८ फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, "कुठली भाषा ठरली?"

मी म्हटलं, "अजून जुन्या गुरूंनी सोडलेलं नाही."

साहेबांनी पांढऱ्या बुटांवरची धूळ झटकली. "हे... कंपनीच्या नियमांत बसतं का?"

"आमच्या आईच्या नियमांत बसतं."

त्यावर ते निघालेच. माझ्या आईने त्यांच्या आईचे लग्नातले कपडे शिवलेत, ते त्यांना माहीत आहे. जाता जाता म्हणाले, "२८ म्हणजे २८, मॅडम दुफी." आवाज मऊ होता, पण त्या खुर्चीसारखा.

ऑफिसात आता दोन तट. एबो म्हणतो मी वेळ काढतेय. सेलासी म्हणते काढू द्या. खरं सांगू? एबोचंच खरं असेल. पुस्तकांची पाठपोट बघत बसायला काय लागतं! शिकायला बसलं की मठ्ठपणा उघडा पडतो. मला भीती वाटतेय. लिहिलं, झालं.

२० फेब्रुवारी

पेन्सिलीने कागदावर लिहायचा सराव. बोट दुखतं. कोंबडा रबर खाऊन गेला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

या वेळी एबो आणि सेलासीही आले. एबो म्हणाला, "मला बघायचंय, माणूस कॉम्प्युटर कसा होतो." मेटने गाडी थांबवली, कोंबड्याला वाकून सलाम केला आणि सीट दिली.

पाणी. विचारपूस. आईचं भाषण, या वेळी जरा लांबलेलं. मग कागद. तेच गणित! मी पहिलीच ओळ लिहिली — ट्रे रिकामा असेल तर 'अंडं नाही' असं सांग आणि थांब. पुढचं नंतर. एबो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

टीचरांचं बोट निघालं. रिकामा ट्रे घेऊन एकदा, भरलेला घेऊन एकदा, एकाच अंड्याचा घेऊन एकदा. सगळीकडून फिरून खाली पोचलं. टेकलं. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं! वर्गात कधीही, कुणासाठीही लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग आईने पिशवीतून पावडरचा डबा काढला. टीचरांना वाटलं थोडीशी टाकतात. आई म्हणाली, थोडीशी टाकली तर थोडीशीच मोकळी होईल. मग त्यांनी डबाच उपडा केला! नाकात, चष्म्यात, केसांत. सेलासी टाळ्या वाजवतेय, एबो शिंकतोय, कोंबडा पांढरा होऊन अंगणभर पळतोय. टीचरांनी डोक्यावर हात ठेवला. "जा अजोआ. आता कुठेही जा." आणि मला रडू आलं. ओक्साबोक्शी. एवढी मोठी बाई मी, पावडरीचा चिखल झाला गालांवर.

बाटली त्यांनी घेतली. कोंबडाही. "उद्याचं सूप," म्हणाले. कोंबड्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली.

निघताना टीचर फाटकापर्यंत आले. "माझे परदेशी सर एका सुट्टीत त्यांच्या देशाला गेले ते परत आलेच नाहीत," मला एकटीला म्हणाले. "मला असं कुणी सोडलंच नाही. मग म्हटलं, पास्कलमध्येच बरं." आणि पुढे, "तू कुठली भाषा घेशील ते मला कळव हं. नुसतं कळव."

ट्रोट्रोत मी पांढरं भूत होऊन बसले होते. मेटने काही विचारलं नाही. पैसे मात्र घेतले.

२४ फेब्रुवारी

केसांतून अजून पावडर पडतेय. कीबोर्ड पांढरा. साहेब म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "मोकळीक." त्यांनी पडद्याला पाठ केली आणि हसले, मला काचेत दिसलं.

२५ फेब्रुवारी

कुठलं पुस्तक उघडावं? एबोचं डावीकडे, सेलासीचं उजवीकडे. म्हटलं, तिन्ही भाषांना टीचरांचीच परीक्षा द्यायला लावू. सर्वांत जड अंडं शोधा.

पायथन — लिहिलं, अंडी घातली, लगेच उत्तर. छान. रिकामा ट्रे घातला, तोंडावर आपटलं. आधी बोलायला काय झालं होतं? जावा — नमस्कार-चमत्कार करून तेच, चालताना आपटली. मग रस्ट, सेलासीच्या पुस्तकातल्या रीतीने. लिहिलं. चालवायला गेले तर चालूच होईना! तोच तो लाल ढीग, बाण. मी म्हटलं, आता काय झालं तुला? या वेळी मात्र बंद न करता चष्मा पुसून ओळ न् ओळ वाचली. त्यात काय म्हटलं होतं? की बाई, काहीच नसेल तर काय करायचं ते तू सांगितलेलं नाहीस. ते सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

माझं बोट कुठे ठेवू, अजोआ!

मी ऑफिसात मोठ्याने ओरडले. "टीचर!" सगळे वळून बघायला लागले. सेलासी धावत आली, तिने पडदा बघितला, मग मला बघितलं. एबोने स्वतःचं पुस्तक उचललं आणि निमूट घेऊन गेला. दुपारी मी त्याला केळ्याचे तळलेले तुकडे नेऊन दिले. धर्म वेगळा असला तरी पोट एकच.

२६ फेब्रुवारी

रस्टने आज मला इतक्यांदा शिव्या घातल्या की मोजणं सोडलं. संध्याकाळी चाललं. मी टेबलाखाली चप्पल काढून जरा नाचले.

टीचरांना फोन केला. "रस्ट," मी म्हटलं. "कसं आहे?" "तुमच्यासारखं. चुकलं की सोडत नाही."  त्यांच्या मागे कोंबड्याचा आवाज आला! मी विचारलं, "टीचर, सूप?" "गॅस संपलाय," ते म्हणाले आणि घाईने फोन ठेवला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दाखवलं.

साहेब, एबो, सेलासी, आणि दोर्माच्या बाई फोनवर. सर्वांत जड अंडं निघालं. मग मी म्हटलं, "बाई, आता रिकामा ट्रे ठेवा." "मुद्दाम?" "मुद्दाम." ठेवला. पडद्यावर आलं — अंडं नाही. आणि प्रोग्राम आपला चालू! पलीकडून बाईंनी अशी किंकाळी फोडली की साहेबांनी फोन कानापासून लांब धरला.

प्रोग्राम माझ्याकडेच राहिला! साहेब म्हणाले, "छान. पण हा एक तुकडा झाला. पूर्ण लिहायला वर्ष जाईल. एक शिकाऊ माणूस घ्या हाताखाली." मी म्हटलं, मलाच धड येत नाही, मी काय शिकवणार? एक तुकडा जमला म्हणून भाषा आली असं नाही. उरलेला डोंगर तसाच उभा आहे. आईला सांगितलं तर ती नुसतीच हसली. कापडात तोंड लपवून.

३ मार्च, सोमवार

ऑफिसच्या पायरीवर टीचर आग्येकुम. इस्त्रीचा शर्ट, काखेत पाटीसारखी कोरी वही, एका हातात श्नॅप्सची बाटली — आमचीच, सीलसुद्धा तोडलेलं नाही — आणि दुसऱ्या हातात कोंबडा. तुरा उजवीकडे. शेपटीत एक पांढरं पीस.

त्यांच्या मागे माझी आई उभी. समारंभाच्या कपड्यांत! "आमचं येणं भल्याचंच आहे, मॅडम," ती मला म्हणाली.

टीचरांनी वही पुढे केली. "मला शिकाऊ म्हणून घे. आणि मोकळीक कधी देशील ते आत्ताच सांग, अजोआ. माझ्याकडे बावीस वर्षं नाहीत."

मी पाणी आणायला पळाले.